आजीचे नाव, नातीचे नाव

यहुदी कुटुंबात मुलगा जन्मला, म्हणजे त्याचे नाव कोणत्या दिवशी ठेवावयाचे हा प्रश्न उद्भवत नाही. आठव्या दिवशी सुंतेचा विधी व्हावयाचा आणि त्याच वेळी नाव उच्चारले जावयाचे, हा नेम अब्राहामापासून चालत आला आहे अशी त्या समाजाची श्रद्धा आहे. मुलीच्या बाबतीत शास्त्राने असा दिवस नेमून दिलेला नाही. सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, सिनेगॉगमध्ये तोराचे वाचन होते. त्या वाचनाला पित्याला पाचारण करतात आणि बाळ-बाळंतिणीच्या कल्याणाच्या प्रार्थनेत मुलीचे नाव जाहीर करतात. एवढ्यावरच विधी आटोपतो. कोणी पहिल्याच वाचनाची वेळ साधतो, कोणी काही आठवडे थांबतो. अलीकडे ‘सिम्हात बात’, म्हणजे ‘कन्येचा आनंद’, या नावाने घरी आप्तेष्टांना बोलावून छोटा समारंभ करण्याची प्रथा रूढ झाली आहे. पण तोही आईबापांच्या इच्छेचा भाग आहे, आज्ञेचा नव्हे.

मुलाच्या नावाला शास्त्राचा पहारा आहे आणि मुलीच्या नावाला तो तितकासा नाही, हा भेद वरवर पाहता लहान वाटतो. परंतु हिब्रू भाषेच्या अर्वाचीन इतिहासात त्याला फार महत्त्व आले. ज्या दाराशी पहारा सैल होता, त्याच दारातून नवी भाषा घरात शिरली.

जुन्या करारात पुरुषांची नावे हजाराहून अधिक आढळतात, स्त्रियांची मात्र शंभर-सव्वाशेच्या आसपास. त्यांतही साऱ्याच स्त्रियांची नावे लेकीला ठेवावी अशी नसतात. तेव्हा सारा, रिबका, राहेल, लेआ, मिर्याम, दबोरा, हन्ना, एस्तेर, रूथ एवढी नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिली. शिवाय एक व्यावहारिक कारण होते. पुरुषाला तोराच्या वाचनासाठी ‘अमुकाचा पुत्र तमुक’ अशी हाक मारावयाची असल्यामुळे त्याचे हिब्रू नाव असणे आवश्यक होते. स्त्रीला तशी हाक मारली जात नसे. त्यामुळे तिचे नाव ज्या मुलुखात कुटुंबाची वस्ती असेल, त्या मुलुखाच्या बोलीतून खुशाल घेतले जाई. पूर्व युरोपातील यिद्दिशभाषक घरांत मुलीला गोल्डा म्हणत, म्हणजे सोने. फायगे म्हणत, म्हणजे पाखरू. शेयने म्हणजे सुंदर, पेर्ल म्हणजे मोती. बगदादच्या किंवा येमेनच्या घरांत अरबी बोलली जाई. तेथे जमिला, हबीबा, नजमा, वर्दा अशी नावे असत. भाऊ मोशे आणि बहीण जमिला, यात कोणाला विसंगती वाटत नसे.

आपल्या कोकणात याचे फार जवळचे उदाहरण सापडते. कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले गेलेले बेने इस्राएल लोक मराठीच बोलत. दिवे गावचे ते दिवेकर, पेणचे ते पेणकर, किहीमचे ते किहीमकर, अशी त्यांची आडनावे. त्यांनी पुरुषांची नावे जुन्या करारातूनच घेतली, पण त्यांना मराठी वळण दिले. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये ज्यांनी बांधले, ते सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून ओळखले जात. ‘सॅम्युएल’चा सामाजी होतो आणि तरी तो सॅम्युएलच राहतो. स्त्रियांची नावे तर याहूनही मोकळी. राहेल आणि मिर्याम होत्याच. पण शेजारच्या अंगणात ऐकू येणारी कोकणी वळणाची नावेही त्यांच्या घरांत सहज नांदत आणि ‘बाई’ हे पद सर्वांनाच लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या साऱ्या व्यवस्थेला धक्का बसला. रशियन साम्राज्यात जन्मलेले एलिएझेर बेन-येहुदा १८८१ मध्ये यरुशलेमला येऊन राहिले. प्रार्थनेची आणि पोथ्यांची हिब्रू भाषा पुन्हा चुलीपाशी आणि बाजारात बोलली जावी, असा त्यांचा निर्धार होता. १८८२ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू द्यावयाची नाही, असा कडक नियम त्यांनी घरात घातला. अर्वाचीन काळात ज्याची मातृभाषा हिब्रू होती असा पहिला मुलगा म्हणून त्याचे नाव इतिहासात राहिले आहे. पण लहान मुलाशी बोलावयाचे, तर बाहुलीला काय म्हणावे? जुन्या ग्रंथांत तिच्यासाठी शब्द नव्हता. बेन-येहुदांनी ‘बुबा’ हा शब्द घडविला. शब्दकोशाला ‘मिलोन’, वर्तमानपत्राला ‘इतोन’, असे शब्द एकामागून एक तयार होत गेले. त्यांच्या पहिल्या पत्नी दबोरा १८९१ मध्ये वारल्या. पुढल्या वर्षी दबोरांची धाकटी बहीण त्यांची पत्नी झाली. माहेरी तिला बेला, पाउला अशा नावांनी ओळखत. नव्या घरात ती हेमदा झाली. हेमदा म्हणजे मनाला हवेसे वाटणारे, आनंद देणारे. सासरी सुनेचे नाव बदलण्याची रीत मराठी श्रोत्यांना अपरिचित नाही. येथे मात्र सुनेबरोबर भाषाही बदलली.

नवा शब्द लोकांच्या तोंडी रुळावयास वेळ लागतो. शब्दकोशात छापला तरी बाजारात कोणी तो उच्चारीलच असे नाही. मुलीला ठेवलेल्या शब्दाचे तसे नसते. आई तो दिवसातून पन्नास वेळा उच्चारते. शेजारीण हाक मारते, शिक्षक हजेरीत वाचतो, मैत्रिणी त्याची यमके जुळवितात. एखादा विस्मृत शब्द मुलीचे नाव झाला, म्हणजे तो पुन्हा निजत नाही. म्हणून नव्या हिब्रूची घडण पाहावयाची असेल, तर तिच्या मुलींची नावे पाहावीत.

या नावांचे काही ठळक प्रकार दिसतात. पहिला प्रकार जुन्याच ग्रंथातील, पण आजवर मागे राहिलेल्या स्त्रियांच्या नावांचा. ‘गणना’ या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच कन्यांची कथा आहे. बापाला पुत्र नव्हता. म्हणून त्याचा वाटा भाऊबंदांत विरून जाऊ नये, तो आम्हांला मिळावा, अशी मागणी घेऊन त्या मोशेपुढे उभ्या राहिल्या, आणि त्यांचे म्हणणे रास्त ठरून वारशाचा नियम बदलला. त्या पाचांपैकी एक नोआ. शतकानुशतके हे नाव फारसे कोणी ठेवीत नव्हते. या शतकाच्या आरंभीची अनेक वर्षे मात्र इस्रायलमधील नवजात मुलींच्या नावांत नोआ अग्रस्थानी होते. तामार हे नावही तसेच. जुन्या करारातील तामार नावाच्या स्त्रियांच्या कथा दुःखाच्या आहेत. पण तामार म्हणजे खजुराचे झाड, आणि आजच्या आईबापांच्या कानांना कथेपेक्षा ते झाड अधिक जवळचे वाटते. अलीकडच्या वर्षांत तामारने नोआलाही मागे टाकले.

दुसरा प्रकार भूमीचा. ज्यांच्या पूर्वजांनी ती भूमी केवळ पोथीत पाहिली होती, त्यांनी तेथे आल्यावर तिच्या फुलांची, झाडांची, पाण्याची नावे लेकींना दिली. नुरीत, कलानीत, रकेफेत ही रानफुले. इलाना म्हणजे वृक्ष, आलोना म्हणजे ओक. शाकेद म्हणजे बदाम. एलिया संदेष्टा रानात थकून ज्या रतामाच्या झुडपाखाली बसला, त्याच झुडपाचे नाव आज रोतेम म्हणून मुलामुलींना ठेवतात. याएल म्हणजे रानशेळी, अयाला म्हणजे हरिणी. माअयान म्हणजे झरा, ताल म्हणजे दव, गाल म्हणजे लाट. किनेरेत हे गालील प्रांतातील सरोवर आणि यार्देन ही नदी, तीही मुलींची नावे झाली. गंगा, यमुना, गोदावरी ज्यांच्या घरात वावरल्या, त्यांना यात नवल वाटावयाचे कारण नाही.

तिसरा प्रकार आकांक्षेचा. तिक्वा म्हणजे आशा, गेउला म्हणजे मुक्ती, द्रोरा म्हणजे स्वातंत्र्य. १९०९ मध्ये ज्या नगराची स्थापना झाली, त्या तेल अवीवच्या नावातील ‘अवीव’ म्हणजे वसंत, त्यावरून अवीवा. पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्या एका गटाने ‘शमुवेल’ या पुस्तकातील एका वचनातल्या चार शब्दांची आद्याक्षरे जोडून स्वतःला ‘निली’ असे नाव घेतले होते. त्या गटातील सारा आरोनसोन या तरुणीने १९१७ मध्ये तुर्कांच्या कैदेत छळ सोसून प्राण दिला. त्यानंतर निली हे मुलीचे नाव झाले.

चौथा प्रकार निव्वळ घडविलेल्या नावांचा. ‘ली’ म्हणजे ‘मला’ किंवा ‘माझे’. ‘ओर’ म्हणजे प्रकाश. दोहोंच्या संयोगाने ओर्ली. ‘ली’ आणि ‘अत’ मिळून लिअत, म्हणजे ‘तू माझी आहेस’. यातील ‘अत’ हे ‘तू’चे स्त्रीलिंगी रूप आहे, म्हणून हे नाव मुलीलाच शोभते. शब्दाला ‘ईत’ हा स्त्रीवाचक प्रत्यय लावून रोनीत, गालीत, दोरीत अशी नावे करण्याची लाट राज्यस्थापनेच्या पुढील दशकांत आली होती. त्यानंतरच्या पिढीला प्रत्ययही नकोसा झाला. गाल, ताल, शीर, ओर, अशी एका अक्षराची आणि मुलामुलींना सारखीच चालणारी नावे पुढे आली. नावावरून मुलगा की मुलगी हे न कळले तरी हिब्रूत अडत नाही. कारण मराठीप्रमाणेच तेथेही पुढचे क्रियापद ते सांगून टाकते.

येथवरचा वृत्तान्त उत्साहाचा आहे. परंतु प्रत्येक नव्या नावाखाली एखादे जुने नाव झाकले गेले, ही याची दुसरी बाजू होय. १९४८ मध्ये राज्य स्थापन झाल्यानंतर इराक, येमेन, युरोप येथून लाखो लोक तेथे आले. छावण्यांत आणि शाळांत अनेक मुलींना नवी हिब्रू नावे देण्यात आली. जमिलाची याफा झाली, हबीबाची अहुवा, नजमाची कोखावा. फायगेची त्सिपोरा आणि गोल्डाची झहावा. अर्थ तोच, भाषा नवी. पण मनुष्य नुसत्या अर्थाला ‘ओ’ देत नाही. ज्या हाकेने आईने उठविले, निजविले, ती हाक गेली, म्हणजे आईही थोडी दुरावते. हे दुःख त्या पिढीतील पुष्कळांनी पुढे बोलून दाखविले. सर्वांनीच नाव बदलले असेही नाही. गोल्डा मेयर यांनी परराष्ट्रमंत्री झाल्यावर, १९५६ मध्ये, मेयरसन हे आडनाव सोडून मेयर हे हिब्रू आडनाव घेतले. बेन-गुरियन यांचा तसा आग्रह होता. पण ‘गोल्डा’ त्यांनी सोडले नाही. पुढे १९६९ मध्ये त्या पंतप्रधान झाल्या, त्याही गोल्डा म्हणूनच.

यात धर्मरूढीचाही एक धागा आहे. मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी कुटुंबांत हयात माणसाचे नाव बाळाला ठेवीत नाहीत. मृत आप्ताचे ठेवतात. सेफार्दी कुटुंबांत याच्या नेमके उलट. आजीच्या डोळ्यांदेखत तिचे नाव नातीला देणे हा तिचा मान समजला जातो. असे दोन घराण्यांतील पतिपत्नी एकत्र आले, म्हणजे एका बाजूची आजी नाव दिले नाही म्हणून रुसते आणि दुसऱ्या बाजूची दिले तर दचकते. आणि ज्यांच्या आज्या, मावश्या, बहिणी दुसऱ्या महायुद्धातील संहारात मारल्या गेल्या, त्यांच्या दृष्टीने नावाचा प्रश्न आवडीनिवडीचा राहत नाही. ज्या मुलीला कबर मिळाली नाही, तिचे नावच तेवढे मागे उरलेले असते. ते यिद्दिश असले, नव्या कानांना जुनाट वाटले, तरी टाकावे कसे? हिब्रूत नावाला ‘शेम’ म्हणतात. या संहाराच्या स्मृतीसाठी यरुशलेमला १९५३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे नाव ‘याद वाशेम’, म्हणजे ‘स्मारक आणि नाव’, असे आहे.

म्हणून विचारी आईबाप मधला मार्ग काढतात. कोणी अर्थ राखतात आणि शब्द बदलतात. कोणी पहिले अक्षर राखतात. कोणी दोन नावे ठेवतात, एक हजेरीपुस्तकासाठी आणि एक घरासाठी. समजा, रेवदंड्याकडून गेलेल्या एका बेने इस्राएल कुटुंबाची तिसरी पिढी आज बैर-शेबा, दिमोना किंवा अश्दोद यांपैकी एखाद्या गावी राहत आहे. आजीचे नाव सोनाबाई. घरात मुलगी जन्मली. सोन्याला हिब्रूत ‘झाहाव’. त्यावरून झहावा हे नाव तयारच आहे. पण झहावा आता जुन्या पिढीचे नाव झाले आहे. तेव्हा शुद्ध सोन्याला असलेला दुसरा शब्द निवडता येतो, तो ‘पाझ’. नातीला पाझ म्हटले, म्हणजे आजीचे सोने राहिले आणि शाळेतही ते शोभले. किंवा दोन्ही भाषांत चालणारे नाव घेता येते. ‘रिना’ हिब्रूत आनंदगीत. भारतातही ते मुलीचेच नाव. ‘माया’ हा शब्द ऐकून तेथील माणसाला पाण्याचा, ‘मायिम’चा, आठव होतो, कोकणातील आजीला त्याचा दुसरा अर्थ सांगावा लागत नाही. ‘शिरा’ हे मात्र जरा जपून. हिब्रूत त्याचा अर्थ काव्य, आणि नाव म्हणून ते फार लोकप्रिय आहे. पण मराठी घरात नातीला त्या नावाने हाक मारली, तर पाहुणा ताटलीची वाट पाहील.

निवड करताना लिपीचाही विचार पडतो. हिब्रू सामान्यतः स्वरचिन्हांवाचून लिहिली जाते. शौल राजाची कन्या मीखल हिचे नाव आजही आवडीचे आहे. पण ज्या चार अक्षरांनी ते लिहितात, त्याच अक्षरांनी ‘मेखाल’, म्हणजे टाकी, हा शब्दही लिहितात. वाचणाराने प्रसंग पाहून समजून घ्यावयाचे. नोआचा घोटाळा परदेशात होतो. जहाज बांधणाऱ्या नोहाचे हिब्रू रूप ‘नोअह’ हे निराळ्या अक्षराने संपते आणि हिब्रू माणूस दोहोंत कधी गफलत करीत नाही. इंग्रजी बायबलात मात्र ती दोन्ही नावे एकाच रीतीने लिहिली जातात. त्यामुळे मुलगी अमेरिकेत गेली, म्हणजे कागदपत्रांवरून तिला मुलगा समजण्याचा संभव असतो. ‘त्सिपोरा’मधील ‘त्स’ पुष्कळ परकीयांना जड जातो. मराठी माणसाला तो जाऊ नये. ‘चांदणे’ आणि ‘चमचा’ यांतील ‘च’ त्याच्या अगदी शेजारचा आहे.

तरीही अर्थ, उच्चार, लिपी यांच्या कसोट्या लावून झाल्यावर एक प्रश्न उरतोच: नाव आजीसाठी ठेवावयाचे की नातीसाठी? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नव्या हिब्रूच्या कैवाऱ्यांनी याचे उत्तर ठामपणे दिले होते. नाव उद्यासाठी ठेवावयाचे, कालच्या नावांनी पारतंत्र्याची आठवण होते, असे ते म्हणत. तेव्हा ते उत्तर आवश्यक होते, कारण त्यावाचून भाषा उभी राहिली नसती. पण काळाने त्या उत्तरात एक दुरुस्ती केली आहे. १९५० च्या सुमारास जिला नुरीत किंवा झहावा म्हटले, ती मुलगी आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. तिला नातवंडे, पतवंडे आहेत. जी नावे परंपरेशी भांडून आणली, तीच आता परंपरा झाली. आज तेथील एखादे तरुण जोडपे आजीचे नाव नातीला द्यावे म्हणून थबकते, तेव्हा ते आजीचे नाव यिद्दिश, अरबी किंवा मराठीच असेल असे नाही; ते हिब्रूही असते.

भाषा जिवंत झाली याचा पुरावा म्हणून तिची वर्तमानपत्रे दाखवितात, विद्यापीठे दाखवितात, १९५३ मध्ये स्थापन झालेली तिची अकादमी दाखवितात. ते पुरावे खरे आहेत. परंतु ज्या भाषेत मुलीला नवीन नाव शोधावे लागत होते, त्या भाषेत आता आजीचे जुने नाव सापडते, हा पुरावा त्यांहून साधा आणि अधिक भक्कम आहे. भाषेला आजी मिळावयास दोन पिढ्या थांबावे लागते. ते काम कोणत्याही समितीच्या ठरावाने होत नाही. आणि ज्या घरांत आजीचे नाव अजून सोनाबाई आहे, त्या घरांनी ते लपविण्याचेही आता कारण उरलेले नाही. नव्या भाषेचे पाय रोवले गेले आहेत. जुन्या नावाने तिचे काही बिघडत नाही. नातीला पाझ म्हणावे, आणि ती विचारील तेव्हा हे सोने कोठून आले ते तिला सांगावे.